लिब्रेऑफिस बेस विचित्र वागतंय: सेटिंग रिसेट करायची ती किती आणि कशी?

खिडकीबाहेर

नमस्कार. विंडोज ११, लिब्रेऑफिस २४.८, ६४ बिट. डेटाबेस बेसमध्ये आहेत, सगळे अंतर्गत एचएसक्यूएलडीबीवाले (बेससोबतच येणारं डेटाबेस इंजिन). लक्षणं अशी:

फॉर्मवर डबल क्लिक केलं की टास्कबारवर चिन्ह येतं, पण पडद्यावर फॉर्म दिसत नाही. रिपोर्ट चालवला की निवडलेलं जेआरई (जावा चालवणारं सॉफ्टवेअर) सदोष असल्याची चौकट येते. टूलबारवरची निम्मी बटणं गायब आहेत. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं तरी तेच.

सगळीकडे एकच सल्ला दिसतो, 'युजर प्रोफाइल उडवा'. उडवली तर तक्त्यांतला डेटा राहील का? 'माय मॅक्रोज'मध्ये मॅक्रो आहेत, रायटरमधला मेल मर्जही याच डेटाबेसवर चालतो.

---

तक्तेबाज

डेटा राहील. तक्ते, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट हे सगळं ओडीबी फाइलच्या, म्हणजे बेसच्या डेटाबेस फाइलच्या, पोटात असतं. प्रोफाइलमध्ये असतात त्या इतर गोष्टी: टूलबारची मांडणी, खिडक्यांच्या जागा, जावाची निवड, नोंदवलेल्या डेटाबेसची यादी, 'माय मॅक्रोज', एक्स्टेन्शन, शब्दकोश. तरीही ओडीबीची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून मगच पुढे जा.

परत इन्स्टॉल करून काही होत नाही, कारण अनइन्स्टॉल करताना प्रोफाइलचं फोल्डर जागेवरच राहतं आणि नवीन इन्स्टॉलेशन तेच उचलतं. विंडोजवर जागा अशी: ॲपडेटा > रोमिंग > लिब्रेऑफिस > ४ > युजर. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या चौकटीत टक्का-ॲपडेटा-टक्का टाइप केलं की थेट रोमिंगमध्ये पोहोचता. हा '४' आवृत्ती ४ पासून बदललेला नाही, त्यामुळे फार जुनी सेटिंगही पुढच्या प्रत्येक आवृत्तीत वाहत आलेली असतात.

पण उडवण्याआधी दोष प्रोफाइलचाच आहे हे ठरवा. त्यासाठी जुनीला हातही न लावता कोऱ्या प्रोफाइलवर चालवून बघता येतं. सगळी लिब्रेऑफिस बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये 'एसऑफिस डॉट बिन' उरली असेल तर तीही संपवा, नाहीतर नवी आज्ञा त्या जुन्याच प्रक्रियेच्या गळ्यात पडते. मग प्रोग्रॅम फाइल्समधल्या लिब्रेऑफिसच्या 'प्रोग्रॅम' फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून:

एसऑफिस -ईएनव्ही:युजरइन्स्टॉलेशन=फाइल:///सी:/टेम्प/चाचणी

(इथे उच्चाराप्रमाणे लिहिलं आहे, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं.) 'ईएनव्ही' लहान लिपीत आणि त्याआधी एकच आडवी रेघ. 'युजरइन्स्टॉलेशन' जोडून, यू आणि आय मोठे. 'फाइल:' नंतर तीन तिरप्या रेघा, त्याही पुढे झुकणाऱ्या. विंडोजच्या सवयीने उलट्या टाकल्या तर पत्ता समजत नाही. मार्गात मोकळी जागा नको.

आता त्यातून ओडीबीची प्रत उघडा. नीट चाललं तर दोष प्रोफाइलचा. तसंच बिघडलं तर प्रोफाइल निर्दोष, मग फाइल, जावा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर तपासायचा. एक लक्षात ठेवा, कोऱ्या प्रोफाइलमध्ये मॅक्रो सुरक्षा मुळातल्या 'हाय' पातळीवर असते. त्यामुळे फॉर्ममधली मॅक्रोवाली बटणं चालणार नाहीत. तो बिघाड नव्हे.

---

रिकामा_सेल

एवढा खटाटोप कशाला? फोल्डर डिलीट करा, पाच मिनिटांत मोकळे.

---

तक्तेबाज

मोकळे होतील, पण मेल मर्ज, जेडीबीसीचे (जावातून डेटाबेसला जोडण्याचे) मार्ग, विश्वसनीय फोल्डर आणि मॅक्रो यांपासूनही. डिलीट करायचं काही कारणच नाही. 'युजर'चं नाव 'युजर_जुनं' केलं तरी परिणाम तोच, आणि परतीची वाट उघडी राहते.

---

अर्धविराम

सेफ मोडचं कुणी बोललं नाही अजून. आवृत्ती ५.३ पासून हेल्प मेनूत 'रीस्टार्ट इन सेफ मोड' आहे. मेनूपर्यंतच पोहोचता येत नसेल तर विंडोजच्या स्टार्ट मेनूत त्याची वेगळी नोंद असते. आज्ञेतून द्यायचं तर दोन रेघा आणि 'सेफ-मोड'.

येणाऱ्या चौकटीत वरून खाली पर्याय सौम्य ते कठोर असे साधारण लावलेले आहेत, त्याच क्रमाने जा:

'रिस्टोअर फ्रॉम बॅकअप' शेवटची चालणारी सेटिंग परत आणतो. त्या प्रती युजरमधल्या 'पॅक' फोल्डरमध्ये असतात. प्रत नसेल तर पर्याय फिकट दिसतो. बिघाड ताजा असेल तर बहुतेकदा इथेच काम होतं.

'कॉन्फिगर'मध्ये एक्स्टेन्शन बंद करणं आणि हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करणं आहे. फॉर्मवरचे कंट्रोल काळे किंवा कोरे दिसत असतील, ग्रिड स्क्रोल करताना फाटत असेल, तर दुसरा पर्याय आधी. त्याने सुधारलं तर कायमचा उपाय टूल्स > ऑप्शन्स > व्ह्यू मध्ये स्किया (पडद्यावर चित्र रेखाटणारा भाग) सॉफ्टवेअर रेंडरिंगवर टाकणं हा आहे; रिसेटची गरज नाही.

'एक्स्टेन्शन्स'मध्ये सोबत येणाऱ्या एक्स्टेन्शनची स्थिती पूर्ववत करता येते.

'रिसेट टू फॅक्टरी सेटिंग्ज'मध्ये दोन खुणा आहेत. पहिली सेटिंग आणि टूलबारची मांडणी पुसते, 'बेसिक' फोल्डरमधले मॅक्रो ठेवते. दुसरी संपूर्ण प्रोफाइल पुसते, मॅक्रोसकट. त्याच चौकटीत 'ॲडव्हान्स्ड' खाली 'आर्काइव्ह युजर प्रोफाइल' आहे; ते दाबून झिप करून घेतल्याशिवाय या दोन्ही खुणांना हात लावू नका.

आणि नेहमी होणारी चूक: 'कंटिन्यू इन सेफ मोड' दाबून आत जायचं, तिथे सेटिंग सुधारायची आणि खूश व्हायचं. सेफ मोडमध्ये तात्पुरती प्रोफाइल असते. बाहेर पडलात की ती सुधारणा गेली.

---

जावाकंटक

जेआरई सदोषवाल्या चौकटीपुरतं बोलतो. त्यासाठी रिसेट म्हणजे अति होतं. जावाची निवड एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये असते: युजर > कॉन्फिग > 'जावासेटिंग्ज'ने सुरू होणारी एक्सएमएल. जावा अपडेट झालं, जुनं फोल्डर गेलं, आणि ही फाइल अजून जुन्याच मार्गाकडे बोट दाखवते, म्हणून तो संदेश. लिब्रेऑफिस बंद करून या एका फाइलचं नाव बदला, सुरू करा, टूल्स > ऑप्शन्स > लिब्रेऑफिस > ॲडव्हान्स्ड उघडा. दोनचार सेकंद थांबा, जावाची यादी भरायला वेळ लागतो. योग्य ओळीसमोरचं बटण निवडा, मागेल तेव्हा रीस्टार्ट करा.

यादी रिकामीच राहिली तर बिट जुळत नाहीत. ६४ बिट लिब्रेऑफिसला ६४ बिट जावाच लागतं, ३२ बिटवालं त्याला दिसतही नाही. मॅकवर नुसतं जेआरई पुरत नाही, जेडीके टाका.

पण नाव बदलण्याआधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून क्लास पाथ, म्हणजे जावाने जार फाइली कुठे शोधायच्या त्या मार्गांची यादी, टिपून घ्या. जेडीबीसी ड्रायव्हरच्या जार फाइलींचे मार्ग ह्याच फाइलमध्ये असतात. ती गेली की ड्रायव्हर क्लास सापडत नाही म्हणून ओरडा सुरू होतो आणि लोकांना वाटतं रिसेटने डेटाबेस बिघडला. ओडीबीसीवाल्यांना (जावाशिवाय जोडणाऱ्यांना) ही चिंता नाही, डीएसएन (जोडणीची नोंद) ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतं.

---

खिडकीबाहेर

चाचणी प्रोफाइलवर बघितलं. मुख्य फाइलचा फॉर्म समोर उघडला, रिपोर्टही चालला, बटणं आहेत. म्हणजे दोष प्रोफाइलचा. पण दुसरी एक ओडीबी, जी नेहमीच्या प्रोफाइलमध्ये उघडते, ती मात्र इथे जोडणी होत नाही म्हणते. उलटंच झालं की!

---

जावाकंटक

जुन्या प्रोफाइलच्या क्लास पाथमध्ये 'एचएसक्यूएलडीबी डॉट जार' आहे का बघा. कुठल्या आवृत्तीची?

---

खिडकीबाहेर

आहे. २.x ची. फाइलचं नाव तेवढंच, पण जारच्या आत मॅनिफेस्टमध्ये (जारची माहिती देणारी फाइल) २ दिसतं.

---

जावाकंटक

मग उलगडा झाला. आणि बरं झालं नाव बदलण्याआधीच चाचणी केलीत.

बेसमध्ये अंगभूत येणारं इंजिन एचएसक्यूएलडीबी १.८ आहे. क्लास पाथमध्ये २.x ची जार टाकली की अंतर्गत डेटाबेससाठीही तीच उचलली जाते आणि उघडलेली फाइल न विचारता नव्या रचनेत बदलते. त्यानंतर ती फाइल १.८ वाल्या कुठल्याही लिब्रेऑफिसमध्ये उघडत नाही, दुसऱ्याच्या संगणकावरही नाही. प्रोफाइल कोरी केली, जार गेली, जोडणी गेली. डेटा शाबूत आहे, वाचणारं इंजिन बदललंय एवढंच.

खात्री अशी करा. ओडीबीची प्रत काढा, एक्स्टेन्शन झिप करा, उघडा. आत 'डेटाबेस' फोल्डर दिसेल, त्यात 'प्रॉपर्टीज', 'स्क्रिप्ट' आणि सहसा 'डेटा', 'बॅकअप' अशा बिनएक्स्टेन्शनच्या फाइली. 'प्रॉपर्टीज' नोटपॅडमध्ये उघडा. 'व्हर्जन='पुढे १.८.० असेल तर फाइल जुन्या रचनेत आहे. २ ने सुरू होत असेल तर बदललेली. तो आकडा हाताने १.८ करायचा मोह आवरा, आतला मजकूर आकड्याने बदलत नाही. फक्त बघा, झिप बंद करा.

परत आणायचं तर जार असलेल्या जुन्या प्रोफाइलमध्येच ती फाइल उघडा. प्रत्येक तक्ता निवडून कॉपी, कॅल्कमध्ये पेस्ट, एकेक शीट. प्रत्येक क्वेरी एसक्यूएल स्वरूपात उघडून मजकूर टेक्स्ट फाइलमध्ये. नंतर जार नसलेल्या प्रोफाइलमध्ये नवी ओडीबी करून शीटमधला भाग टेबल्स विभागात पेस्ट करा. कॉपी टेबलचा विझार्ड येईल, 'डेफिनिशन अँड डेटा' घ्या. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. एक, स्तंभांचे प्रकार विझार्ड अंदाजाने लावतो; आयडी पूर्णांकच राहील आणि शून्याने सुरू होणारे क्रमांक टेक्स्टच राहतील हे हाताने बघा. दुसरं, ऑटोव्हॅल्यू. तक्ता डिझाइनमध्ये उघडून आयडीला प्रायमरी की आणि ऑटोव्हॅल्यू लावा. मग टूल्स > एसक्यूएलमधून पुढचा क्रमांक द्या:

ऑल्टर टेबल "तक्ता" ऑल्टर कॉलम "आयडी" रीस्टार्ट विथ ५०१

सर्वात मोठा आयडी ५०० असेल तर हा आकडा. तक्त्याचं आणि स्तंभाचं नाव दुहेरी अवतरणात, जसं आहे तशाच लहानमोठ्या अक्षरांत. अवतरण नसेल तर इंजिन सगळं कॅपिटल समजतं आणि तक्ता नाही म्हणतं. रिलेशन्स नव्याने आखाव्या लागतात. फॉर्म आणि रिपोर्ट एका बेस खिडकीतून दुसरीत ओढून आणता येतात.

२.x ची सोय खरंच हवी असेल तर अंतर्गत डेटाबेसच्या नादी लागू नका. डेटाबेस बाहेर वेगळ्या फाइलींमध्ये ठेवून जेडीबीसीने जोडा.

---

निळी_शाई

मेल मर्जचा मुद्दा राहिला. रायटरला डेटाबेस फाइलच्या मार्गाने नाही, नोंदवलेल्या नावाने माहीत असतो. ती यादी टूल्स > ऑप्शन्स > लिब्रेऑफिस बेस > डेटाबेसेसमध्ये असते आणि रिसेटमध्ये पुसली जाते. रिसेटच्या आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या. नंतर 'न्यू' दाबून फाइल निवडा आणि नाव हुबेहूब तेच द्या, मोकळी जागा आणि लहानमोठं अक्षरसुद्धा. नाव चुकलं तर जुन्या सगळ्या पत्रांतली फील्ड अनाथ होतात. नाव जुळलं तर पत्रांना हात लावावा लागत नाही. तपासायला रायटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ४.

तसंच टूल्स > ऑप्शन्स > सिक्युरिटी > मॅक्रो सिक्युरिटीमधली विश्वसनीय फोल्डरं परत भरा. नाहीतर ओडीबीच्या आतले मॅक्रो असूनही फॉर्मची बटणं गप्प राहतात. साठवलेले पासवर्डही जातात, ते आधीच कुठे लिहिलेले आहेत ना बघा.

---

तक्तेबाज

आता खिडकीबाहेर, तुमच्यासाठी क्रम.

त्या दुसऱ्या फाइलचं स्थलांतर आधी उरका, जुनी प्रोफाइल अजून जिवंत आहे तोवर. जावाकंटक म्हणाले तसं क्लास पाथ आणि निळी_शाई म्हणाल्या तशी नोंदींची यादी टिपून घ्या. मग लिब्रेऑफिस बंद, एसऑफिस डॉट बिन नाही याची खात्री, 'युजर'चं नाव 'युजर_जुनं'. सुरू करा आणि काहीही न आणता मुख्य ओडीबी उघडून फॉर्म व रिपोर्ट तपासा. बरं असेल तर बंद करून जुन्यातून एकेक फोल्डर आणा: आधी 'बेसिक', मग 'वर्डबुक', 'टेम्प्लेट', 'ऑटोटेक्स्ट', 'ऑटोकॉर'. प्रत्येकानंतर एकदा उघडून बघा. 'कॉन्फिग' आणू नका, गायब बटणांचं मूळ तिथेच आहे. मांडणी 'एसऑफिस डॉट सीएफजी' फोल्डरमध्ये असते. 'युनो_पॅकेजेस'ही आणू नका, एक्स्टेन्शन नव्याने टाकलेली बरी.

आणि 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स डॉट एक्ससीयू' अख्खी परत ठेवू नका. बहुतेक सेटिंग त्यात आहेत, बिघाडासकट. लोक सगळं सोपस्कार करून शेवटी हीच फाइल परत टाकतात आणि मग उपाय चालला नाही म्हणतात.

नोंदवलेले डेटाबेस वीसपंचवीस असतील आणि हाताने भरायचा कंटाळा असेल तर मात्र या फाइलमधून निवडक ओळी उचलता येतात. साधा मजकूर आहे, एका सेटिंगला एक 'आयटम' ओळ. जुन्या फाइलमध्ये 'रजिस्टर्डनेम्स' शोधा. ज्या ओळींच्या मार्गात 'डेटाॲक्सेस' आणि त्यापुढे 'रजिस्टर्डनेम्स' आहे तेवढ्याच पूर्ण ओळी कॉपी करून नव्या फाइलमध्ये शेवटच्या बंद होणाऱ्या टॅगच्या वर पेस्ट करा. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह. हे करताना लिब्रेऑफिस बंदच हवं, कारण ते बंद होताना ही फाइल स्वतः परत लिहितं आणि तुमचा बदल पुसला जातो.

---

कडीकोयंडा

फक्त खिडकी पडद्याबाहेर उघडत असेल, बाकी ठीक असेल, तर हेही नको. जोडलेला दुसरा मॉनिटर काढला की जागा जुनीच लक्षात राहते. टास्कबारवर ती खिडकी निवडून विंडोज-शिफ्ट-डावा बाण. नाहीतर ऑल्ट-स्पेस, मग एम, एकदा कुठलाही बाण, आणि माऊस हलवा, खिडकी चिकटून येते. आली की नीट जागी ठेवून बंद करा, नवी जागा साठवली जाते.

हट्टाने परत बाहेर जात असेल तर त्याच एक्ससीयूमध्ये 'विंडोॲट्रिब्यूट्स' शोधा. मार्गात 'फॉर्मडिझाइन' असलेली ओळ बघा. तिच्यात स्वल्पविरामाने तोडलेले चार आकडे असतात, डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची. पहिला आकडा उणे किंवा पडद्याच्या रुंदीपेक्षा मोठा असेल तर चोर सापडला. ती एक ओळ पूर्ण काढून टाका.

---

खिडकीबाहेर

पहिला आकडा २२१४ होता, पडदा १९२० चा. ओळ काढली, फॉर्म आला. जावासेटिंग्जचं नाव बदलून जावा परत निवडलं, रिपोर्टही चालला. म्हणजे पूर्ण रिसेट फक्त टूलबारसाठी उरलं?

---

अर्धविराम

त्यालाही नको. टूल्स > कस्टमाइझ > टूलबार्स, टार्गेट निवडून रिसेट. बेसच्या मुख्य खिडकीची, फॉर्म डिझाइनची आणि क्वेरीची मांडणी वेगवेगळी साठवली जाते, म्हणून जिथे बटण नाही त्याच खिडकीतून जाऊन करा.

त्या दुसऱ्या फाइलचं स्थलांतर टाळू नका मात्र. आणि ते झाल्यावर जार क्लास पाथमधून काढा, नाहीतर मुख्य फाइलही बदलेल. बदलली नाही ना, तिची 'प्रॉपर्टीज' आत्ताच बघा.

---

खिडकीबाहेर

बघितली. तीही २.x दाखवते. पण मग चाचणी प्रोफाइलमध्ये तिची प्रत उघडली कशी?

---

जावाकंटक

प्रत कधीची होती?

---

खिडकीबाहेर

बॅकअप फोल्डरमधली. जार टाकण्याआधीची निघाली.

---

जावाकंटक

मग दोन्ही फाइलींचं स्थलांतर करावं लागेल. बॅकअप मात्र जपून ठेवा, तिच्यात फॉर्म, क्वेरी, रिलेशन्स १.८ मध्येच शाबूत आहेत. त्या बॅकअपची एक प्रत घ्या आणि बॅकअपनंतर भरलेल्या नोंदी तेवढ्या कॅल्कमार्गे तिच्यात 'अपेंड डेटा'ने भरा. नवी ओडीबी उभारण्यापेक्षा काम निम्म्याहून कमी. आधी मूळ तक्ते, मग त्यांवर अवलंबून असलेले, नाहीतर फॉरेन की (एका तक्त्याला दुसऱ्याशी बांधणारा स्तंभ) अडवेल. विझार्डमध्ये डावीउजवीकडचे स्तंभ समोरासमोर जुळले आहेत का ते बाणांनी लावून घ्या, तो नावाने नाही, क्रमाने जोडतो. भरून झाल्यावर टूल्स > एसक्यूएलमध्ये 'चेकपॉइंट डीफ्रॅग' द्या आणि ओडीबी सेव्ह करा. अंतर्गत एचएसक्यूएलडीबीत बदल चालू असताना तात्पुरत्या जागी असतात, ओडीबीत नंतर उतरतात. मध्येच बंद पडलं तर नुकतंच भरलेलं गेलं.

---

पायरीपायरी

लिनक्सवर हेच करायचं तर? सेटिंग बदलते, पण पुढच्या वेळी उघडल्यावर परत जुनीच.

---

अर्धविराम

जागा: होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये लिब्रेऑफिस > ४ > युजर. फ्लॅटपॅक असेल तर 'डॉट व्हार' > ॲप खाली त्याचं स्वतःचं कॉन्फिग, स्नॅप असेल तर होममधल्या स्नॅप > लिब्रेऑफिस > करंट खाली. चुकीच्या ठिकाणची प्रोफाइल साफ करून काहीच फरक पडत नाही, म्हणून पॅकेज कुठलं ते आधी बघा. डेबियन-उबुंटूवर एचएसक्यूएलडीबीचा ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजमध्ये असतो, 'लिब्रेऑफिस-एसडीबीसी-एचएसक्यूएलडीबी'; ते नसेल तर प्रोफाइल कितीही कोरी करा, अंतर्गत डेटाबेस उघडणार नाही.

सेटिंग टिकत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे लिब्रेऑफिस कधीतरी सुडोने (रूट म्हणजे प्रशासकाच्या हक्काने) चालवलेलं असतं आणि प्रोफाइलमधल्या फाइली रूटच्या नावावर गेलेल्या असतात. वाचता येतात, लिहिता येत नाहीत. 'एलएस -एल' करून एक्ससीयूचा मालक बघा. रूट असेल तर रिसेट नको, त्या '४' फोल्डरची मालकी आतल्या सगळ्यासकट तुमच्या नावावर करून द्या.